डझनसाहेबांची बारा विमानं

संरक्षण खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर हिशेब विभाग होता आणि त्याच्या प्रमुखांना सगळे डझनसाहेब म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि एकदा तर टपालवाल्यानेही पाकिटावरचं खरं नाव वाचून "म्हणजे डझनसाहेबच ना?" अशी खात्री करून घेतली होती. साहेबांना राग येत नसे. माणसाला आयुष्यात एखादी पदवी मिळावी आणि तीही अभ्यास न करता, यापरती चैन नाही.

पदवीची हकीगत अशी. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी नवी लढाऊ विमानं घ्यायची ठरली. तेव्हाच्या मंत्र्यांनी एका सभेत, टाळ्या जरा कमी पडतायत असं वाटल्यामुळे, साठ विमानांची घोषणा करून टाकली. टाळ्या मिळाल्या. नंतर तिजोरीत डोकावून पाहिलं तर पैसे अठ्ठेचाळीस विमानांचेच होते. आता लढाऊ विमान म्हणजे काही दुचाकी नव्हे, की पेट्रोल भरलं आणि निघाली स्वारी. विमान विकत घेणं हा नुसता लग्नाचा खर्च. पुढे चाळीस वर्षं संसार असतो. सुटे भाग लागतात, राखीव इंजिनं लागतात, तपासणीची यंत्रं लागतात, आणि संसार म्हटल्यावर रोज काहीतरी बिघडतंच. अठ्ठेचाळीसच्या आकड्यात हा सगळा संसार धरलेला होता. मंत्री घोषणा मागे घेईनात, तिजोरी पुढे सरकेना. तेव्हा हिशेब विभागातल्या एका चाळिशीच्या अधिकाऱ्याने एका दुपारी फाईल समोर ओढली, सुट्या भागांची आणि राखीव इंजिनांची ओळ पेन्सिलीने खोडली, समासात "पुढील टप्प्यात" एवढंच लिहिलं आणि वाचलेल्या पैशाला एका विमानाच्या किमतीने भागलं. भागाकार निःशेष गेला. उत्तर आलं बारा.

मंत्र्यांनी त्यांना मिठी मारली. मंत्री अंगाने भरलेले होते, त्यामुळे मिठी बराच वेळ टिकली. पुढचा टप्पा मात्र आला नाही. मंत्री बदलले, सरकार बदललं, टप्प्याची फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरता फिरता कुठेतरी स्थायिक झाली.

घरी ही गोष्ट जरा वेगळ्या रूपात पोचली. साहेबांची मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिला झोपताना गोष्ट लागायची आणि साहेबांना राजे-राण्या येत नसत. म्हणून त्यांनी आपलीच सांगितली. एका माणसाला फाईलमध्ये हरवलेली बारा विमानं सापडतात, अशी. पोरगी रोज तीच मागायची. शाळेत "माझे बाबा" या निबंधात तिने लिहिलं की माझे बाबा विमानं शोधून काढतात. पुढे ती अभियंता झाली, हवाई दलात गेली, आणि ती साठ विमानं जिथे होती त्याच तळावर सहा वर्षांपूर्वी देखभाल अधिकारी म्हणून तिची नेमणूक झाली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काय म्हणतात माझी बारा?"

"मजेत आहेत, बाबा."

मग साहेब फोन बायकोकडे देत. आणखी काही विचारत नसत.

आता साहेबांची निवृत्ती जवळ आली होती, आणि नेमकं तेव्हाच सचिवांनी त्यांना बोलावलं. सचिवांच्या खोलीत गालिचा इतका जाड होता की माणूस आत गेल्यावर आपोआप हळू बोलू लागायचा.

"या, डझनसाहेब. जाता जाता एवढं एक काम करून जा. नव्या विमानांची फाईल. मंत्र्यांनी चाळीस बोलून टाकलंय."

"आणि पैसे?"

"तुमची पोरं म्हणतायत एकतिसांचे आहेत. पण त्यांना काय कळतंय? ती नुसती बेरीज करतात. तुमचा हात फिरला पाहिजे." सचिव पुढे झुकले. "नऊच हवीत हो. तुम्हाला नऊ म्हणजे काय, पाऊण डझन! आणि मग दोन वर्षं सल्लागार म्हणून राहा की. गाडीसकट. घरी बसून काय वहिनींना भाजी निवडून देणार?"

"बघतो," साहेब म्हणाले. पण बघायचं काही उरलं नव्हतं. जिना उतरता उतरताच त्यांनी मनात ती ओळ खोडली होती, आणि त्यांना पूर्वीसारखीच एक गोड गुदगुली झाली होती. रविवारच्या फोनवर त्यांनी मुलीला सांगूनही टाकलं, "म्हाताऱ्याची अजून गरज आहे बरं का. या वेळी पाऊण डझन!"

पलीकडून मुलगी एवढंच म्हणाली, "वा, बाबा."

विभागात एक जुनी रीत होती. जो निवृत्त होईल त्याला, ज्या वस्तूची फाईल त्याने जन्मभर सांभाळली ती वस्तू प्रत्यक्ष दाखवायला न्यायचं. कारण तिसऱ्या मजल्यावर कुणीच काही पाहिलेलं नसे. कागदावर या रीतीचं नाव "वस्तुदर्शन" होतं. कारकून तिला अंत्यदर्शन म्हणत. बुटांची फाईल सांभाळणारे एक साहेब बुटांच्या गोदामात गेले, हौसेने एक जोड पायात घातला, आणि तो चावतो हे नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं. पाणबुडीवाल्या बाई पाणबुडीच्या तोंडापर्यंत गेल्या, आत वाकून पाहिलं, आणि वरूनच नमस्कार करून परतल्या. डझनसाहेबांच्या दर्शनाला मुलीचाच तळ ठरला. मुलीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या लांब कशाला, बाबा? उन्हाचा त्रास होईल. मी फोटो पाठवते ना." साहेबांना वाटलं, पोरीचं काळीज बापासाठी तुटतंय. ते खरंच होतं. फक्त कारण वेगळं होतं.

खात्याच्या गाडीतून साहेब, त्यांच्या पत्नी आणि विभागाचे उपप्रमुख असे तिघं गेले. उपप्रमुखांना सगळे बरोबरसाहेब म्हणत, कारण समोरचा काहीही बोलला तरी ते आधी "बरोबर" म्हणून घेत आणि मग काय बोलला ते ऐकत. पुढच्या महिन्यात साहेबांची खुर्ची त्यांनाच मिळणार होती, म्हणून रस्ताभर त्यांचा "बरोबर" जास्तच भक्तीचा झाला होता.

मुलगी दारातच उभी होती. गणवेश कडक, हसू त्याहून कडक. तिने सगळ्यांना आधी चहा पाजला, मग बिस्किटं दिली, मग तळाची माहिती देणारी चित्रफीत दाखवली, मग पुन्हा चहा विचारला. मग धावपट्टीच्या कडेला नेऊन एक विमान उडताना दाखवलं. ते असं काही गरजत गेलं की आईने दोन्ही कान दाबून धरले आणि तोंड उघडं टाकलं.

"हे आपल्या बारांतलंच, बाबा," मुलगी म्हणाली.

"ऐकलंत का?" आई ओरडून म्हणाली. कान अजून दाबलेलेच होते. "आपलं आहे म्हणे!"

"बरोबर," बरोबरसाहेब म्हणाले.

साहेबांचे डोळे पाणावले. "आणि उरलेली अकरा?"

"ती... आज देखभालीत आहेत. तिकडे तेलकट असतं सगळं. आपण आता जेवायलाच जाऊ."

"अगं, मी अंत्यदर्शनाला आलोय. तेलाला काय घाबरतेस?" साहेब चालायला लागलेसुद्धा. ते ज्या लांबलचक शेडकडे निघाले तिच्याकडे मुलीने चुकून एकदा पाहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

शेडमध्ये विमानं ओळीने उभी होती. स्वच्छ धुतलेली, पुसलेली, नाकांवर लाल कापडी टोप्या घातलेली, शाळेच्या छायाचित्राला उभी केल्यासारखी. साहेबांनी मोजली. मोजणं हा त्यांचा धंदाच होता. बारा निघाली. मघाशी जे आपलं म्हणून उडालं ते मग कुणाचं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो नेहमीच्या सवयीने दुसऱ्या विभागाकडे पाठवून दिला.

"अहो, आत बसा ना," आई म्हणाली. तिने मोबाइल बाहेर काढला. "वैमानिकासारखा एक फोटो काढू. निरोप समारंभाला मोठा करून लावता येईल."

"बरोबर! तो समारंभाला हवाच," बरोबरसाहेब म्हणाले.

"आई, आज शिडी नाहीये," मुलगी घाईने म्हणाली.

शिडी पहिल्याच विमानाला टेकवलेली होती. चौघांनीही शिडीकडे पाहिलं. मुलीचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसेच.

साहेब चढले. गुडघे कुरकुरत होते, पण माणूस एकदा आपल्या पदवीवर चढायला लागला की गुडघ्यांचं कोण ऐकतं? मागोमाग मुलगीही चढली, शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून तिने त्यांचा दंड धरला आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, नका."

वैमानिकाच्या जागेवरचं झाकण उघडंच होतं. साहेबांनी आत पाहिलं. आत जागा ऐसपैस होती, कारण बसायचं आसनच नव्हतं. समोर जिथे पडदे आणि घड्याळं असायची तिथे चौकोनी भोकं होती, आणि त्या भोकांतून वायरींचे झुबके बाहेर आले होते. प्रत्येक झुबका व्यवस्थित बांधलेला आणि त्याला चिठ्ठी लावलेली. कुठला भाग काढला आणि कुठल्या विमानाला दिला, एवढंच. घर विकून माणसं निघून गेल्यावर भिंतींवर जसे नुसते खिळे राहतात, तसं ते दिसत होतं. साहेबांनी मान वळवून शेजारच्या विमानात पाहिलं. तिथेही आसन नव्हतं. त्यापलीकडच्यात पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं.

मुलीचा हात त्यांच्या दंडावर होता.

"बसा ना लवकर!" खालून आवाज आला. "माझे हात दुखायला लागले!"

साहेब आत उतरले. उघड्या पत्र्यावर पाय टेकले तर ते छातीपर्यंत बुडाले, म्हणजे फोटोत माणूस उभा दिसणार. म्हणून ते खाली वाकले.

"अहो, वर व्हा! नुसतं टक्कल दिसतंय!"

तेव्हा साहेबांनी जे केलं ते त्यांना पुढे आयुष्यभर आठवत राहिलं. ते गुडघे अर्धवट वाकवून, न उभे, न बसलेले, अशा अवस्थेत थांबले. पाठ नसलेल्या आसनाला टेकवली, हात नसलेल्या दांड्यावर ठेवले, आणि हसले. मांड्या थरथरत होत्या. हे सगळं ते मुलीसाठी करत होते. तिने एवढा खटाटोप करून जे झाकलं ते आपल्यामुळे उघडं पडू नये म्हणून. आणि मुलगी हातभर अंतरावरून ते पाहत होती. बाप हवेत बसलाय आणि हसतोय. तिने मान फिरवली.

"आता कसं!" खालून आई म्हणाली. "अगदी रुबाबदार! अजून एक काढते, हलू नका."

ते हलले नाहीत.

खाली उतरले तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते. बायकोला वाटलं भरून आलंय. तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाकडून एक आडदांड माणूस हात पुसत पुसत लगबगीने आला. हा तळाचा मुख्य तंत्रज्ञ. सगळे त्याला वस्ताद म्हणत. मुलगी त्याच्याकडे पाहून डोळ्यांनी काहीतरी सांगू लागली, पण वस्तादला डोळ्यांची भाषा येत नव्हती.

"हेच ना ते सर? डझनवाले?" वस्तादने साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सर, तुमचे उपकार कसे फेडायचे आम्ही? ही बारा नसती तर आमची बाकीची कधीच बसली असती. काहीही बिघडलं की पोरं म्हणतात, जा, डझनमधून काढून आण! घड्याळ पाहिजे, डझनमधून. पंप पाहिजे, डझनमधून. बाहेरून मागवायला गेलं तर दीड वर्ष कागदच फिरतो. ज्या माणसाला हे सुचलं ना, त्याच्या डोक्याला सलाम!"

तो मनापासून बोलत होता. तेच अवघड होतं. माणसाने टोमणा मारला तर उलटून बोलता येतं. आभाराला काय उत्तर द्यायचं?

"म्हणजे," बरोबरसाहेबांचा चेहरा हळूहळू उजळला, "साहेबांनी तेव्हाच सुट्या भागांचीही सोय करून ठेवली होती! एकाच रकमेत! बरोबर, बरोबर! केवढी ही दूरदृष्टी!"

"यांचा स्वभावच तसा आहे," आई कौतुकाने म्हणाली. "घरातसुद्धा काही टाकून देत नाहीत. जुना मिक्सर अजून माळ्यावर आहे. म्हणतात, उपयोगी पडेल."

वस्ताद खो खो हसला. बरोबरसाहेब हसले. आईही हसली. साहेबही हसले, कारण हसले नसते तर का ते सांगावं लागलं असतं. त्यांचे कान मात्र लाल झाले होते. मुलीकडे ती खोड कुठून आली ते वस्तादच्या सहज लक्षात आलं असतं, त्याने पाहिलं असतं तर.

जेवणाची वेळ झाली. आई आणि बरोबरसाहेब वस्तादबरोबर पुढे गेले. साहेब एका विमानाच्या पंखाखाली, एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले. मुलगी समोर उभी राहिली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मी आले तेव्हा सात रिकामी होती. आता बाराही आहेत."

"आणि मला म्हणायचीस मजेत आहेत."

"मजेतच आहेत की. दुसरं काम काय आहे त्यांना?" ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "मला वाटलं तुम्हाला कळलं तर फार लागेल. तुम्हाला वरून कुणीतरी सांगितलं असणार, मंत्र्यांनी दबाव टाकला असणार. तुमची काय चूक? तुम्हाला बिचाऱ्यांना काय माहीत पुढे पैसेच येणार नाहीत ते? म्हणून मी पोरांना सांगितलं, धुऊन पुसून ठेवा, टोप्या घाला, झाकण मात्र उघडू नका. वस्तादला सांगायचं राहिलं."

इथे साहेबांना मान डोलवता आली असती. सगळं तयार होतं: मंत्री होते, दबाव होता, बिचारे तेही होते. मुलीने खुर्ची ओढून दिली होती. नुसतं बसायचं होतं. पण ते नुकतेच एका नसलेल्या खुर्चीवर बसून आले होते, आणि मांड्या अजून दुखत होत्या.

"वरून कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मलाच सुचलं."

तिने हाताची घडी घातली.

"आणि पुढचा टप्पा येणार नाही हे मला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांनाच माहीत असतं. पुढील टप्प्यात असं आम्ही त्याच गोष्टीपुढे लिहितो, जी करायची नसते."

"बाबा..."

"ऐक. तुमच्याकडून दर वर्षी एक तक्ता यायचा ना, किती विमानं उडण्याजोगी आहेत त्याचा? तो माझ्या टेबलावर यायचा. मी तो न उघडता भांडार विभागाकडे पाठवायचो. योग्य त्या कार्यवाहीसाठी."

"न उघडता?"

साहेबांनी खाली पाहिलं. फरशीवर तेलाचा एक डाग होता, विमानातून कधीकाळी गळलेला. आता गळायलाही काही नव्हतं.

"पहिला उघडला होता," ते म्हणाले.

सहा वर्षं मुलीने ज्याला ऊन लागू नये म्हणून छत्री धरली होती, तो माणूस उन्हातच वाढलेला निघाला. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. राग आला नाही. ती त्यांच्याकडे नव्या भाडेकरूकडे पाहावं तसं पाहत होती, की हा आता इथे राहणार तर याच्याशी ओळख करून घ्यायला हवी.

"रोज सकाळी मी ठरवते," ती शेवटी म्हणाली, "कुणाचं काढायचं आणि कुणाला लावायचं. एक भाग दोनदा काढायचा, दोनदा बसवायचा. त्यात एखादवेळी तोही मोडतो. माझी पोरं दुप्पट काम करतात आणि वैमानिक निम्मे तास उडतात. कागदावर आम्ही साठ आहोत. कारण चाकांवर उभं असेल तर ते विमान, असा तुमच्या विभागाचा नियम आहे."

"हो. तो नियमही माझाच."

"तरीच चाकं कधी काढू देत नाहीत. वरचं सगळं काढतो, खालची चाकं तेवढी ठेवतो." मग तिने विचारलं, "नव्या फाईलवर काय लिहिणार आहात? पाऊण डझन म्हणालात ना?"

साहेबांनी तेलाच्या डागावरून बूट फिरवला.

"तसं असेल तर आधी सांगा. आम्हाला अजून एक शेड बांधावी लागेल."

परतीच्या वाटेवर आई झोपली. बरोबरसाहेब दूरदृष्टीबद्दल बोलत राहिले. साहेब काचेतून बाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईल समोर ओढली. सुट्या भागांची ओळ होती तिथेच ठेवली. राखीव इंजिनांची ठेवली. चाळीस वर्षांचा संसार वर्षावार मांडला, महागाईसकट. खाली मत लिहिलं: एवढ्या पैशात एकतीस विमानं उडती ठेवता येतील, चाळीस घेतली तर नऊ उभी राहतील. मग पेन थांबलं. इथपर्यंत कुणीही लिहिलं असतं. त्यांनी आणखी चार ओळी लिहिल्या: की यापूर्वीच्या खरेदीत याच्या उलट सल्ला अधोस्वाक्षरीकर्त्यानेच दिला होता, तो परिणाम ठाऊक असून दिला होता, आणि ती बारा विमानं सध्या आसनांशिवाय उभी आहेत. खाली ओळखू येईल अशी सही केली.

सचिवांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"हे काय हो? दर्शनाला गेला होतात की प्रायश्चित्ताला?"

"मत दिलंय."

"मत एकतीसपर्यंत ठीक आहे. त्याचं काय करायचं ते आम्ही बघू. पण या खालच्या चार ओळी? स्वतःच्या हाताने स्वतःची पगडी उतरवताय. काढून टाका. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"राहू द्यात."

"सल्लागाराचं मग अवघड होईल."

"होऊ दे."

सचिवांनी फाईल मिटली आणि त्या जाड गालिच्याला शोभेल अशा हळू आवाजात ते म्हणाले, "निवृत्तीजवळ आलं की माणसं हळवी होतात. माझ्या आधीच्या सचिवांनी झाडं लावली होती."

निरोप समारंभ थाटात झाला. बरोबरसाहेबांनी बारा विमानांची गोष्ट सांगितली, नव्याने कळलेल्या दूरदृष्टीसकट. मग साहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी ठरवून आणलं होतं. ते म्हणाले, "मी बारा विमानं शोधली नाहीत. मी जगातली सगळ्यात महाग बारा कपाटं विकत घेतली." त्यावर सभागृहात असा हशा पिकला की मागच्या रांगेतल्या एकाला ठसका लागला. "काय विनोदी स्वभाव!" लोक म्हणाले. "मोठी माणसं अशीच असतात, स्वतःवर हसतात." साहेब पुन्हा काही बोलायला गेले, तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि हातात एक भली मोठी चौकट आली होती. विमानात बसलेले साहेब. रुबाबदार.

पंधरा दिवसांनी बरोबरसाहेबांचा फोन आला. आवाज आनंदाने फाटत होता.

"सर, सापडली! नऊच्या नऊ! तुमच्याच पद्धतीने. फक्त पुढील टप्प्यातच्या ऐवजी मी यथावकाश लिहिलं. ते जरा भारदस्त वाटतं."

"आणि माझं मत?"

"ते काढलं नाही हं, सर! काढेन कसा? आदराने शेवटी लावलंय. अगदी शेवटी."

साहेबांनी "बरोबर" म्हणून फोन ठेवला.

त्या रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा ते आधीपासूनच फोनजवळ बसले होते. समोरच्या भिंतीवर चौकट होती. आईने ती पाहुण्यांना दारातूनच दिसेल अशी लावून घेतली होती.

पलीकडे मुलगी ठरलेल्या प्रश्नाची वाट पाहत होती बहुतेक, किंवा तो येऊ नये अशी इच्छा करत होती.

"आज किती उडाली?" साहेबांनी विचारलं.

"साठांतली?"

"हो."

"एकोणतीस." ती पुढे म्हणाली, "काल एकतीस होती. दोन विमानांचे पंप गेले. डझनमध्ये आता पंप उरलेले नाहीत."

"मग काय करणार?"

"बघतोय. तेराव्याचा काढावा लागेल." मग ती म्हणाली, "इथे नव्या शेडची आखणी झाली, बाबा. चुन्याच्या रेघा मारून गेलेत."

"कळलं मला. यथावकाश."

ती हसली. खरंखुरं नाही, पण कडकही नाही. "उद्याचा आकडा सांगू का? उद्या फोन करते."

"कर. रोज कर."

आतून आई ओरडली, "अहो, विचारलंत का? काय म्हणतात आपली बारा? मजेत ना?"

साहेबांनी फोन कानापासून थोडा दूर धरला, पण ठेवला नाही. मुलीला ऐकू जावं असा. तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"इकडे ये जरा," त्यांनी बायकोला हाक मारली. "चष्मा घेऊन ये."

आई हात पुसत बाहेर आली. "काय झालं?"

"तो फोटो बघ."

"रोज बघते की. कसा छान बसलायत."

"मी बसलेलो नाहीये त्यात," साहेब म्हणाले.

आईने चष्मा लावला आणि चौकटीजवळ गेली. बराच वेळ पाहत राहिली. आधी चेहरा पाहिला, मग खांदे, मग खांद्यांच्या मागे जिथे आसनाची पाठ दिसायला हवी होती तिथली रिकामी जागा. मग ती हळूच साहेबांच्या गुडघ्यांकडे वळून बघू लागली.